पार्श्वभूमी: मायक्रोलाइट उतरताना उलटतं तेव्हा

मायक्रोलाइट म्हणजे एक-दोन माणसं बसतील असं अगदी हलकं विमान. हा शब्द मराठी वर्तमानपत्रात साधारण दोनच ठिकाणी भेटतो. पहिलं ठिकाण म्हणजे पंधरा ऑगस्ट किंवा सव्वीस जानेवारीच्या आधीचे पोलिसांचे मनाई आदेश. त्यात ड्रोन, पॅराग्लायडर, हँग ग्लायडर यांच्या रांगेत मायक्रोलाइटही असतं. दुसरं ठिकाण अपघाताच्या छोट्या बातमीचं. तिचा साचा ठरलेला आहे: धावपट्टीवर उतरताना वैमानिकाचं नियंत्रण सुटलं, विमान उलटलं, दोघं किरकोळ जखमी, चौकशीचे आदेश. ‘नियंत्रण सुटलं’ एवढ्यावर बातमी संपते. मोटारसायकल घसरली असं म्हणावं आणि रस्त्यावर वाळू होती की ऑइल सांडलं होतं ते सांगूच नये, तसं हे आहे.

ही विमानं उतरतानाच का आपटतात, याचं निम्मं उत्तर ती जन्माला कशी आली त्यात सापडतं. आणि ती गोष्ट एका स्वयंपाकघरातल्या पडद्यापासून सुरू होते.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात फ्रान्सिस रोगालो नावाचा अभियंता सरकारी वैमानिकी संशोधन संस्थेत नोकरीला होता. ज्याला सांगाडाच नाही असा कापडी पंख करता येईल का, या प्रश्नानं त्याला पछाडलं होतं. कचेरीत कुणाला त्यात रस नव्हता, म्हणून १९४८ मध्ये त्यानं आणि त्याची बायको गर्ट्रूड हिनं घरातच पंखे लावून वाऱ्याचा झोत तयार केला, स्वयंपाकघरातला छिटाचा पडदा कापला आणि त्याचा पतंग करून उडवून पाहिला. पुढे पेटंट मिळालं, पण विकला गेला तो खेळणं म्हणून. नशीब पालटलं ते अवकाशयुगात. दोन अंतराळवीरांची जेमिनी यानं परतताना समुद्रात पडण्याऐवजी धावपट्टीवर उतरवता येतील का, असा विचार नासा करत होती. त्यासाठी रोगालोचा पंख घडी घालून यानात ठेवायचा आणि परतीच्या वेळी उघडायचा अशी योजना होती. तिची चाचणी म्हणून ‘पॅरेसेव्ह’ नावाची तीनचाकी सायकलीसारखी दिसणारी एक चीज १९६२ पासून कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात उडवली गेली. ती उडवून पाहणाऱ्यांत नील आर्मस्ट्राँगही होता. काम रेंगाळत गेलं, शेवटी जेमिनी यानं साध्या पॅराशूटनं समुद्रातच पडत राहिली आणि पंख बाजूला पडला.

मला या कथेत गंमत वाटते ती अशी की या पंखाकडं मोठ्या माणसांनी पहिल्यांदा गंभीरपणे पाहिलं ते उडण्यासाठी नव्हे, नीट उतरता यावं म्हणून.

फेकलेली वस्तू दुसऱ्यानं उचलली. १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्राफ्टन गावच्या उत्सवात पाण्यावरच्या खेळासाठी जॉन डिकेन्सननं असाच पंख बांधला आणि त्याखाली त्रिकोणी दांडीची चौकट लावली. दांडी पुढंमागं, डावीउजवीकडं ढकलून माणूस आपल्या शरीराचं वजन हलवतो आणि पंख वळतो. हँग ग्लायडर तो हाच. मग डोंगर नसलेल्या मुलखातल्या हौशी लोकांना वाटलं की याला इंजिन का नको? अमेरिकेच्या सपाट मध्य भागात हा प्रश्न जास्त टोचणारा होता. १९७६ मध्ये ऑशकॉशच्या प्रसिद्ध विमान मेळाव्यात जॉन मूडीनं दुपंखी हँग ग्लायडरला साडेबारा अश्वशक्तीचं इंजिन लावलं, पायांनी धावत उड्डाण केलं आणि परत पायांवरच उतरला. त्याचं लँडिंग गिअर म्हणजे त्याचे दोन गुडघे.

पुढच्या पाचसहा वर्षांत जे झालं त्याला पूर म्हणावं लागेल. स्नोमोबाइलची, गो-कार्टची टू-स्ट्रोक इंजिनं, अॅल्युमिनियमच्या नळ्या, शिडाचं कापड, सायकलीला शोभतील अशी चाकं. १९८२ मध्ये अमेरिकेनं या वर्गासाठी नियम केला तो इतका मोकळा होता की आजही वाचताना आश्चर्य वाटतं: एकच आसन, रिकामं वजन २५४ पौंडांच्या आत, इंधन ५ गॅलन, पूर्ण ताकदीनं वेग ५५ नॉटच्या (ताशी सुमारे शंभर किलोमीटर) पुढं नाही. एवढं पाळलं की ना नोंदणी ना परवाना. २५४ पौंड म्हणजे ११५ किलो, आपल्याकडच्या स्प्लेंडर मोटारसायकलच्या आसपास. युरोपनं दोन आसनांना आणि जास्त वजनाला वाव दिला. तिथं ४५० किलोची मर्यादा पुष्कळ वर्षं रुळली होती आणि २०१८ च्या नियमानं देशांना ती ६०० पर्यंत नेण्याची मुभा दिली.

या सगळ्या व्याख्यांत वजनाइतकाच महत्त्वाचा एक आकडा दडलेला असतो: स्टॉलचा वेग. म्हणजे ज्याच्या खाली गेलं की पंख हवा धरू शकत नाही तो वेग. अमेरिकेच्या नियमात तो २४ नॉट, म्हणजे ताशी ४५ किलोमीटरच्या आत असावा लागतो. युरोपच्या जुन्या व्याख्येत ताशी ६५ किलोमीटर. नियम करणाऱ्यांचा तर्क सरळ होता. यंत्र हलकं ठेवा, वेग कमी ठेवा, मग पडला तरी माणूस वाचेल आणि खाली असलेल्यालाही फारशी इजा होणार नाही. तर्क बरोबर आहे, हिशोब करून पाहता येतो. ४५० किलोचं विमान ताशी ७५ किलोमीटरनं जमिनीला टेकतं तेव्हा त्याच्या अंगात जेवढी ऊर्जा असते तेवढीच हजार किलोच्या मोटारीत ताशी ५० वर असते. पोटात दीडशे माणसं घेऊन उतरणाऱ्या एअरबसमध्ये ती दीड हजार पटींहून जास्त. म्हणून मायक्रोलाइट उलटल्याच्या फोटोत पंख मोडलेले दिसतात, कापड फाटलेलं दिसतं, आणि शेजारी वैमानिक बहुधा फोनवर बोलत उभा असतो.

पण ज्या हलकेपणानं माणूस वाचतो त्याच हलकेपणानं विमान उलटतं. वाऱ्याचा दहा नॉटचा झोत म्हणजे ताशी अठरा-साडेअठरा किलोमीटर, झाडाची पानं आणि बारीक डहाळ्या हलवण्याइतका. १३५ नॉटनं येणाऱ्या जेटला तो सात टक्के. ४० नॉटनं येणाऱ्या मायक्रोलाइटला पंचवीस टक्के. समोरून येणारा वारा जमिनीजवळ कमी होतो, कारण झाडं, घरं, बांध त्याला अडवतात. शेवटच्या पन्नास फुटांत समोरचा वारा पंधरावरून पाच नॉटवर आला की वेगदर्शकावरचे दहा नॉट हवेतच विरून जातात. हलक्या विमानाला अंगचा जोर नसतो. सायकलवर पायडल मारणं थांबवल्यावर आणि ट्रकचा गिअर न्यूट्रल केल्यावर काय होतं ते आठवा, फरक कळेल. जुन्या उघड्या मायक्रोलाइटचं इंजिन उतरताना बंद पडलं तर वैमानिकाला नाक खाली ढकलायला एखाद-दुसरा सेकंदच मिळे. नाही ढकललं तर स्टॉल. आणि ही टू-स्ट्रोक इंजिनं बंद पडत. वंगण म्हणून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं असायचं, इंजिन दमलं की जॅम. ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीचं ९१२ हे फोर-स्ट्रोक इंजिन १९८९ मध्ये प्रमाणित झालं, त्यानंतर या रडगाण्याला उतार पडला.

धावपट्टीकडं शेवटचं वळण घेतानाचा सापळा वेगळा. वळण जेवढं तिरकं तेवढा स्टॉलचा वेग वाढतो. ४५ अंशांच्या कलाला एकोणीस टक्के, ६० अंशांना एक्केचाळीस टक्के. पट्टी हुकतेय असं वाटून वैमानिक वळण आवळतो, तेव्हा आधीच कमी असलेला वेग आणि वाढलेला स्टॉलचा वेग यांची गाठ पडते. प्राणघातक अपघातांत या वळणाचा वाटा मोठा आहे. धावपट्टीवर उलटण्याच्या मानानं हे फार वाईट, कारण इथं विमान गरगरत, नाक खाली करून येतं.

हलक्या विमानाच्या वेडाला असा फटका आधीही बसला होता, तेही सांगायला हवं. फ्रान्समध्ये आंरी मिन्ये यानं १९३३ मध्ये उडवलेलं छोटं विमान, ज्याला इंग्रजीत ‘फ्लाइंग फ्ली’ म्हणजे उडती पिसू म्हणत, घरोघरी बांधलं जाऊ लागलं होतं. ज्याला खोका ठोकता येतो त्यानं विमान बांधावं, असा त्याचा थाट. मग लागोपाठ माणसं मेली. पवनबोगद्यातल्या चाचण्यांत दिसलं की ठरावीक कोनापलीकडं नाक खाली गेलं की पुढचा आणि मागचा पंख एकमेकांत अडकल्यासारखे वागतात आणि विमान वर येतच नाही. ब्रिटननं बंदी घातली. मिन्ये प्रामाणिक माणूस होता, बेफिकीर नव्हता. कमी वेगाचं विमान आपोआप सुरक्षित असतं असं त्याला वाटलं, आणि तेव्हा हे कितीतरी जणांना वाटत होतं.

आता जवळून पाहिलेली एक गोष्ट. मी कॉलेजात असताना विदर्भातल्या एका छोट्या धावपट्टीवर दोन आसनी मायक्रोलाइटमध्ये बसण्याची संधी मिळाली होती. मार्चचा शेवटचा आठवडा. खरं तर साडेआठला उडून नऊला परत यायचं, पण इंधनाचं पिंप येण्यातच वेळ गेला आणि उतरायला साडेदहा वाजले. फायनलवर, म्हणजे पट्टीच्या रेषेत शेवटचं खाली येताना, आमच्या खाली संत्र्याची बाग होती. नुकतंच पाणी सोडलेली, हिरवीगार. तिच्यावर आलो आणि विमान लिफ्टसारखं खाली बसायला लागलं. विमान चालवणाऱ्या प्रशिक्षक सरांनी थ्रॉटल थोडा पुढं केला. बाग संपली, पुढं पऱ्हाट्या उपटलेलं काळं रान आणि त्याला लागून डांबरी पट्टी. तिथं उलटंच झालं. खालून कुणीतरी हात लावून उचलावं तसं विमान तरंगायला लागलं, टेकायचं नाव घेईना. सरांनी नियंत्रणाची स्टिक जरा मागं घेतली, चाकं लागली, विमान उसळलं, पुन्हा लागलं. दुसऱ्या उसळीला सर काहीच बोलले नाहीत, थ्रॉटल पूर्ण पुढं आणि आम्ही पुन्हा हवेत. दुसऱ्या फेरीत उतरलो, पण नाकाचं चाक आधी टेकलं आणि आवाज झाला, लोखंडी खाटेचा पाय मोडावा तसा.

खाली मेकॅनिक काका वाट पाहत होते. ओणवे होऊन त्यांनी चाकाकडं आणि ते धरणाऱ्या काट्याकडं पाहिलं, बोटानं चाचपलं आणि म्हणाले, ‘‘काटा वाकला नं सर. अन् तुमी म्हनता बरी उतरली.’’

बाग आणि काळं रान, या दोन शब्दांत नागपूरच्या आसपास मायक्रोलाइट उतरवण्याचं निम्मं शास्त्र आलं. ओलिताखालची बाग थंड, तिच्यावरची हवा खाली बसते. उघडी काळी माती आणि डांबर तापतं, तिथली हवा वर चढते. दीडशे टनांच्या विमानाला हे खड्डे जाणवतात, साडेचारशे किलोच्या विमानाला ते उचलतात आणि आपटतात. म्हणून ही उड्डाणं पहाटे उजाडल्यापासून ऊन तापेपर्यंत, नाहीतर सूर्य कलल्यावर. वेळापत्रक एका तासानं घसरलं की वेगळीच हवा.

आणि उन्हाळा तर वेगळंच प्रकरण. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण ३१५ मीटरवर आहे. पण विमानाला उंची मीटरमध्ये कळत नाही, हवेच्या घनतेत कळते. पारा ४५ वर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाच्या लेखी तीच पट्टी सुमारे दीड हजार मीटरवर जाऊन बसते. वैमानिक याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. चिखलदरा अकराशे मीटरवर आहे. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी नागपुरात विमान उतरवणारा चिखलदऱ्याच्याही वर कुठंतरी उतरत असतो, फक्त थंडावा नसतो. वेगदर्शक नेहमीचाच आकडा दाखवतो, पण जमिनीच्या तुलनेत विमान सात-आठ टक्के जास्त वेगात असतं, थांबवायची ऊर्जा पंधरा टक्क्यांनी वाढलेली असते, आणि पुन्हा वर उठायची वेळ आली तर इंजिन धापा टाकत असतं. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश नोंदले गेले आहेत. (२०२४ च्या मे अखेरीस एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवले तेव्हा सेन्सर बिघडला होता, नागपूरकरांना मात्र तो आकडा क्षणभर खराच वाटला.) त्यात भर म्हणून वावटळी. दुपारच्या रानात धुळीचा खांब उभा राहतो तो दिसतो तरी, पट्टीच्या डांबरावर उठणाऱ्या भोवऱ्याला धूळच मिळत नाही, म्हणून तो दिसतही नाही. हिवाळा सौम्य, पण पावसानंतरच्या ओल्या थंड सकाळी इंजिन मंद करून खाली येताना कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो. नागपुरात बर्फ म्हटलं की लोक हसतात. हवेचं तापमान दहा-पंधरा अंश असलं तरी पेट्रोलची वाफ होताना आतली उष्णता खेचली जाते, आणि इंजिन बंद पडायला तेवढं पुरतं.

काळ्या मातीचं आणखी एक. धावपट्टीवरून घसरून कडेला जाणं हा मुरमाड किंवा हिरवळीच्या मुलखात किरकोळ प्रकार असतो. आपल्याकडं पावसाळ्यात ती माती चाकाला गच्च धरते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. नाकाचं छोटं चाक भेगेत गेलं की ते तिथंच थांबतं आणि विमान त्याच्यावरून कोलांटी मारतं. बातमीतलं ‘विमान उलटलं’ कितीदा तरी असं असतं: हवेत काहीच बिघडलेलं नसतं, शेवटचे वीस फूट रानातले असतात.

विमानांच्या बाबतीत नागपूर तसं जुनं गाव. सोनेगावचा तळ पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१७-१८ च्या सुमारास इंग्रजांनी केला. नकाशाच्या मधोमध असल्याचा फायदा खरा मिळाला तो स्वातंत्र्यानंतर. रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून चार विमानं निघत, मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत चारही आपापल्या गावी परत. मुंबईत संध्याकाळी पेटीत टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात. १९७३ पर्यंत हे चाललं. जुनी माणसं अजून त्या रात्रींच्या गजबजाटाबद्दल बोलतात. या सेवेला रक्ताचा डागही आहे. १२ डिसेंबर १९५३ च्या पहाटे मद्रासकडे निघालेलं डकोटा इंजिन बंद पडून नागपूरजवळ कोसळलं, तेरा जण गेले.

आज सोनेगावला ३,२०० मीटर लांबीची धावपट्टी आहे, तिथं प्रवासी जेट उतरतात आणि हवाई दलाचीही ये-जा असते. अशा ठिकाणी मायक्रोलाइट म्हणजे राष्ट्रीय महामार्गावरची लुना. मोठं विमान गेल्यावर त्याच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे भोवरे मागं राहतात, ते दिसत नाहीत आणि दोन-तीन मिनिटं टिकतात. हलक्या विमानाला ते क्षणात पालथं करू शकतात, म्हणून ते ताटकळतं, लांब फेऱ्या मारतं. साहजिकच हौशी आणि शिकाऊ उड्डाणांचा कल छोट्या पट्ट्यांकडं असतो, आणि विदर्भात त्या भरपूर. गोंदियाजवळची बिरसी आणि अकोल्याची शिवणी या दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या. यवतमाळजवळ भारी, चंद्रपूरजवळ मोरवा. अमरावतीच्या बेलोऱ्याला तर एप्रिल २०२५ मध्ये मुंबईचं प्रवासी विमानही सुरू झालं.

छोटी पट्टी म्हणजे काय, ते बाहेरून कळत नाही. टॉवर असेलच असं नाही. वारा कुठला ते सांगायला विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची कापडी पिशवी, आणि ती उन्हानं विटून, चिंध्या होऊन काठीला चिकटलेली. कुंपण जिथं मोडलंय तिथून गुरं. संध्याकाळी रोही, पावसाळ्यानंतर रानडुकरं. रोही, म्हणजे नीलगाय, अडीचशे किलोपर्यंतचा प्राणी आहे, विमानाच्या निम्म्याहून जास्त वजनाचा. जवळच्या गावातली पोरं विमान पाहायला पट्टीच्या टोकाला येतात, तीही नेमकी उतरण्याच्या टोकाला, कारण तिथून जवळून दिसतं. त्यांना हाकलायला एक माणूस काठी घेऊन असतो, तोच अग्निशामक सिलिंडरही सांभाळतो.

भारतात मायक्रोलाइट हे नाव लोकांच्या तोंडी आलं ते १९८८ मध्ये, विजयपत सिंघानिया इंग्लंडहून एकट्यानं मायक्रोलाइट उडवत तेवीस दिवसांत भारतात पोचले तेव्हा. २००७ मध्ये हवाई दलाचे विंग कमांडर राहुल मोंगा आणि अनिल कुमार मायक्रोलाइटमधून ऐंशी दिवसांच्या आसपास पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. मात्र आपल्याकडच्या सर्वसाधारण मुलांची या विमानाशी ओळख होते ती एनसीसीच्या एअर विंगमुळे. ही शाखा १९५० ची. तिथं ख्रिस हाइन्ट्झ यांनी आखलेलं झेनएअर सीएच ७०१ बरीच वर्षं वापरलं गेलं. त्याच्या पंखाच्या पुढच्या कडेला कायमची फट असलेली पट्टी असते, त्यामुळे ते अगदी हळू, जवळजवळ घोड्याच्या दौडीनं उतरू शकतं. इंजिनाची ताकद काढली की मात्र दगडासारखं खाली येतं. मग २०१५ मध्ये स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीकडून १९४ ‘व्हायरस एसडब्ल्यू ८०’ विमानं घेण्याचा करार झाला: ११० एनसीसीला, ७२ हवाई दलाला, १२ नौदलाला. पिपिस्ट्रेल म्हणजे वटवाघूळ. कंपनी काढणारी मंडळी सुरुवातीला तिन्हीसांजेला लपूनछपून उडायची, तेव्हा गावकऱ्यांनी दिलेलं हे नाव.

या दोन विमानांत एक अख्खी पिढी आहे, आणि उतरण्याच्या चुकाही तिथं उलट झाल्या. जुनं विमान वेग गमावून लवकर बसायचं, पट्टीच्या अलीकडंच आपटायचं. व्हायरस इतकं गुळगुळीत की इंजिन बंद ठेवलं तरी एक मीटर खाली येताना सतरा मीटर पुढं जातं. त्याला खाली आणायला पंखांवर एअरब्रेक लावावे लागले. वेग थोडा जास्त असला तर ते पट्टीवर चार फुटांवर तरंगत राहतं, पट्टी संपत येते, वैमानिक अधीर होऊन नाक खाली ढकलतो, नाकाचं चाक आधी लागतं आणि मग उसळ्या. तिसरी, चौथी उसळी सगळ्यात उंच असते. त्यात बॅलिस्टिक पॅराशूट असतं, खटका ओढला की रॉकेटनं उडून अख्ख्या विमानाला अलगद खाली आणणारं. पण ते उघडायला उंची लागते. उतरतानाच्या शेवटच्या पन्नास फुटांत त्याचा उपयोग शून्य.

शिकून आलेल्या माणसाचा हातही घात करतो. मोठ्या विमानाचा वैमानिक पट्टीपासून दोन-तीन माणसांच्या उंचीवर बसलेला असताना चाकं टेकतात. मायक्रोलाइटमध्ये तो खुर्चीवर बसल्याइतका खाली असतो. सवयीनं तो वरच नाक उचलतो, वेग संपतो आणि विमान पडतं. कापडी पंखाच्या, दांडीच्या विमानात तर सगळंच उलटं: दांडी पुढं ढकलली की नाक वर, ओढली की खाली, आणि जमिनीवर उजवा पाय दाबला की विमान डावीकडं. घाबरल्यावर हात जुनीच भाषा बोलतात.

इथं एका मराठी माणसाची आठवण येते. कोल्हापूरकडचे विष्णू माधव घाटगे जर्मनीत गटिंगेनला वायुगतिकीचे मोठे अभ्यासक प्रांट्ल यांच्याकडं शिकले आणि बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी विमानं आखली. त्यांचं ‘पुष्पक’ १९५८ मध्ये उडालं. दोन आसनी, नव्वद अश्वशक्तीचं, कापडानं मढवलेलं. देशभरच्या फ्लाइंग क्लबांत कितीतरी वैमानिक त्याच्यावर पहिल्यांदा एकटे उडाले. त्याचं पूर्ण वजन ६१२ किलो. युरोपात आज मायक्रोलाइट ज्या ६०० किलोंपर्यंत जाऊ शकतं, त्याच्याहून बारा किलो जास्त. पडद्यापासून, स्प्लेंडरच्या वजनापासून निघालेली गाडी सत्तर वर्षांत पुष्पकच्या दारात येऊन उभी राहिली आहे. पुष्पक मात्र पूर्ण विमान मानलं जाई, त्याच्यासाठी पूर्ण परवाना, पूर्ण तपासणी.

चौकशीबद्दल. आंतरराष्ट्रीय करारानुसार, ज्याचं तेरावं परिशिष्ट १९५१ मध्ये स्वीकारलं गेलं, विमान अपघाताच्या तपासाचा हेतू पुन्हा तसं होऊ नये एवढाच असतो, दोषी ठरवणं नसतो. भारतात २०१२ पासून त्यासाठी वेगळा विमान अपघात तपास ब्यूरो आहे. पण मोठ्या अहवालांची आंतरराष्ट्रीय यंत्रणा २,२५० किलोंच्या वरच्या विमानांभोवती बांधली आहे, मायक्रोलाइट त्याच्या पाचव्या हिश्श्याचं. आणि ‘अपघात’ या शब्दाची व्याख्याही बारीक आहे. मृत्यू, गंभीर इजा किंवा विमानाच्या रचनेला मोठी दुरुस्ती लागावी असं नुकसान झालं तर अपघात. नुकसान फक्त इंजिनाचा फिरता पंखा (प्रोपेलर), पंखांची टोकं, टायर, ब्रेक, चाकं एवढ्यापुरतं असेल तर ते त्यात बसत नाही.

आमच्या त्या उड्डाणानंतर तीन दिवसांनी मी पट्टीवर गेलो तेव्हा नवा काटा बसवून झाला होता. जुना शेडच्या भिंतीला टेकवून ठेवलेला, साधारण वीस अंशांत वाकलेला. मेकॅनिक काकांनी लॉगबुक दाखवलं. तारखेपुढं निळ्या शाईत एवढंच होतं: हेवी लँडिंग, नोज फोर्क बदलला, ग्राउंड रन समाधानकारक. साडेदहाची वेळ, बागेतलं पाणी, दोन उसळ्या, त्यातलं काही नाही. तसा रकानाच नव्हता.